नर्मदेच्या उत्तर तीरावरचे संकल्प

आमचे धारचे घरमालक रोज सकाळी एक संकल्प सोडायचे आणि बहुतेक दिवशी दुपारच्या जेवणाआधी तो मोडायचे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. लपवणारा मी होतो.

ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल. मी देवासचा. वडील साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि देवासचेच होऊन गेले. मी बँकेत लागलो. काही वर्षांपूर्वी माझी धारला बदली झाली, तेव्हा घरी मी सांगितलं की वरून हुकूम आलाय, इलाज नाही. हुकूम वगैरे काही नव्हता. बदली मी मागून घेतली होती. घरात भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. संध्याकाळी घरी गेलो की बायको आणि मुलगा माझ्याशी बोलायचे, एवढंच. दिवसभराचं काहीबाही सांगायचे. ते माझ्याच्यानं ऐकवत नव्हतं. का, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही नीटसं सांगता येत नाही. शनिवारी स्वतःच्या गाडीनं देवास, सोमवारी सकाळी परत धार, हे मला मानवलं.

धारला मी ज्यांच्याकडे वरची खोली घेतली ते गृहस्थ माझ्याच वयाचे. एकेकाळी राजवाड्यातल्या देवघराची व्यवस्था त्यांच्या घराण्याकडे होती. आता त्यांचं घोडा चौपाटीच्या पुढे मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरी नवी तार गुंडाळून परत बांधायचं, दुकान. घरात त्यांच्या आई, ज्यांना सगळा मोहल्ला आईसाहेब म्हणतो; बायको, ज्यांना मी वहिनी म्हणायचो; आणि दहावीतली एक मुलगी.

माझी खिडकी त्यांच्या देवघराच्या बरोबर वर. पहिल्याच सकाळी जाग आली ती त्यांच्या आवाजानं. पूजा अगदी जुन्या वळणाची. देशकालाचा उच्चार, उजव्या तळहातावर पळीभर पाणी. 'नर्मदायाः उत्तरे तीरे' इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून चाललं. मग नाव, गोत्र, आणि मग एक दम घेऊन ते सरळ मराठीत आले.

"आज शेव खाणार नाही. आईसाहेब गोष्ट सांगतील तेव्हा 'मागच्या वेळी वेगळी सांगितली होती' असं म्हणणार नाही. दुकानाचा राग घरी आणणार नाही."

पाणी ताम्हनात सोडल्याचा आवाज आला. पाठोपाठ स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "शेव कालही होती."

"काल मोडला तो. आजचा नवीन आहे."

"अहो, मग रोज तेच कशाला म्हणता?"

"रोज तीच शेव समोर येते म्हणून."

मला वाटलं, भाडेकरू नवा आहे म्हणून ही गंमत चाललीय. तर तसं नव्हतं. माणूस मनापासून बसत होता. संकल्प फक्त आजच्यापुरता, दिवेलागणीपर्यंत, हा त्यांचा नियम. जन्मभराचा संकल्प करणाऱ्याला ते हसायचे. मला माळव्याच्या रीतीनं 'भिया', म्हणजे भाऊ, अशी हाक मारून म्हणायचे, "भिया, जन्मभराची गॅरंटी तर कंपनी पण नाही देत."

मोडला की ते कबूल करायचे. तेही भर अंगणात. दुपारी जेवायला यायचे, हातपाय धुवायचे आणि जाहीर करायचे, "आईसाहेब, शेवेचा मोडला. पोह्यांवर होती, बाजूला नाही काढता आली." आणि तेवढ्यापुरतं पुन्हा देवघरात जाऊन तळहातावर पाणी घ्यायचे. आईसाहेबांना हे अजिबात पटायचं नाही.

"संकल्प म्हणजे काय लाइटचं बटण आहे का रे? घटकेत चालू, घटकेत बंद."

"मोटर जळली म्हणून शेतकरी विहीर बुजवतो का आईसाहेब? परत बांधून घेतो."

"तुझ्या आजोबांनी एकदा सोडलेला संकल्प मोडला नाही कधी."

यावर घरमालकांचं तोंड उघडायचं, आणि मिटायचं. आजोबांची ती गोष्ट मागच्या वेळी वेगळी होती हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं. पण सकाळचा संकल्प आठवून ते भाताकडे बघत बसायचे.

त्यांच्या संकल्पांची वहिनींना जरा धास्तीच असायची. वहिनी नालछ्याच्या शाळेत शिकवायच्या. सकाळची बस धरायची म्हणून अंधारातच उठायच्या. एकदा यांनी दुसऱ्या पहाटेसाठी आगाऊ संकल्प सोडला की बायकोच्या आधी उठून चहा मी करीन. आलं ठेचायला दुकानातली हातोडी आणली. पूजेच्या आधी त्या हातोडीचे ठोके मला वर ऐकू यायचे. तो चहा मीही एकदा प्यालो. त्यात दोष म्हणून काढता येणार नाही, फक्त तो प्यायल्यावर दुपारपर्यंत दुसरं काही खावंसं वाटत नाही. वहिनी तो उभ्या उभ्या, शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या.

पुढे बँकेच्या कामानं मी नालछ्याला गेलो, तर शाळेसमोरच्या हॉटेलात वहिनी बाकावर बसून शांतपणे चहा पीत होत्या. मला पाहून जरा चपापल्या.

"घरी बोलू नका," म्हणाल्या. "घरचा जो पिते ना, तो त्यांचा. हा माझा."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"कशाला? बाकी सगळे मोडले, हा एकच त्यांचा धड चाललाय."

मी बोललो नाही. न बोलण्याचं काम मला सोपं जायचं.

आता त्यांच्या मुख्य खोडीकडे येतो. घरमालकांना समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची सवयच नव्हती, आणि ती सवय त्यांना धंद्यानं लावली होती. नालछा, धरमपुरी, पार डहीकडून शेतकरी पाण्यातल्या मोटरी घेऊन यायचे. माणूस टेम्पोतून उतरतोय तोच, "भिया, म्हारी मोटर..." एवढं म्हणायचा अवकाश.

"चालू होती है, घूं करती है, पानी नहीं फेकती. दो दिन पहले लाइट का झटका लगा. रख दो, परसों ले जाना."

शेतकरी तोंड वासून बघायचा. मोटर उघडली की निघायचं तेच. वार्निशच्या वासात, जळक्या तारेच्या भेंडोळ्यांमध्ये बसून ते दिवसभर लोकांची वाक्यं पुरी करायचे, आणि बाजारात त्याचं कौतुक होतं. सेठला काही सांगावं लागत नाही, नुसतं उभं राहा, असं लोक म्हणायचे. मग संध्याकाळी तोच माणूस घरी यायचा आणि जेवताना वहिनींची, आईसाहेबांची, दारावर आलेल्या भाजीवाल्याची वाक्यं पुरी करायचा. वहिनींनी आपली वाक्यंच आखूड करून घेतली होती. आईसाहेब ऐकू न आल्यासारखं करून पुढे रेटायच्या.

अडचण होती ती मुलीची. ती बोलताना अडकायची. मैत्रिणींशी कमी, आजीशी त्याहून कमी, वडिलांसमोर सगळ्यात जास्त. पहिलं अक्षर ओठावर यायचं आणि तिथेच थांबायचं, आणि ती मान जराशी वर करून त्याच्या सुटण्याची वाट बघायची. घरमालकांना ते बघवत नसे. पोर बुडतेय आणि आपण काठावर उभे आहोत अशी त्यांची अवस्था व्हायची, मग ते शब्द टाकायचे. "पाणी? पैसे? पेन? पेन हवंय. अहो, तिला पेन द्या." कधी बरोबर निघायचं, कधी नाही. नाही निघालं तरी ती मान हलवून 'हो' म्हणायची आणि ते पेन घेऊन निघून जायची. मी वरून गॅलरीतून पाहिलंय, ती हातातल्या पेनकडे बघत पायरीवर बसलेली.

एकदा ते तिला घेऊन इंदूरला डॉक्टरकडे जाऊन आले. आल्याबरोबर जिना चढून माझ्या खोलीत.

"भिया, औषध मला दिलंय. पोरीला नाही."

"म्हणजे?"

"म्हणाले, तिला वेळ द्या. तिचा शब्द तिला काढू द्या, तुम्ही मध्ये टाकू नका. मी म्हटलं मी तर मदत करतो. तर डॉक्टर म्हणाले, तेच बंद करा." ते माझ्या खाटेवर बसले. ग्रीस लागलेले हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले. "एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलं नाही."

खरं तर सांगायला अनेकांनी सुरुवात केली असेल.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या संकल्पांच्या आधी हा आला: 'पोरीचं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडणार नाही.' आणि हा रोज मोडायचा. शेवेपेक्षा लवकर मोडायचा. पूजेवरून उठून ते बाहेर येतात न येतात, मुलगी म्हणायची, "आबा, माझी..." आणि यांच्या तोंडून "सायकल?" निघून गेलेलं असायचं. कपाळावर हात मारून ते पुन्हा देवघरात. एका सकाळी तर ताम्हन रिकामं करायची वेळ आली.

तेव्हा त्यांनी उपाय काढला. मुलगी बोलायला लागली की ते जवळच्या लोट्यातून मोठा घोट घ्यायचे आणि तो न गिळता तोंडात धरून ठेवायचे. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, नाकानं श्वास, आणि समोर ती बिचारी, "आबा, हसू... हसू येतंय मला, असे नका बसू." तेव्हा ती अडकायचीही कमी, कारण हसता हसता बोलायची. घरात जागोजागी पाण्याचे लोटे दिसायला लागले. आईसाहेब म्हणाल्या, "घरात लग्न निघालंय की काय." शाळेतल्या बाईंना भेटायला गेले तेव्हाही खिशात बाटली. बाईंना वाटलं, यांची दाढ दुखतेय.

सराव म्हणून ते दुकानातही तसे बसायला लागले. तो प्रसंग मी पाहिला आहे. मी त्यांच्या स्टुलावर बसलो होतो आणि डहीकडचा एक म्हातारा मोटर घेऊन आला. घरमालकांनी मोटरीकडे पाहिलं, त्यांना सगळं कळलं हे मला दिसलं, आणि त्यांनी पाण्याचा घोट घेतला. म्हातारा बोलायला लागला. लाइट कशी जाते ते, भावानं बांध कसा सरकवला ते, पोरगा पिथमपूरला कारखान्यात लागला ते. घरमालकांच्या कपाळाची शीर फुगली. म्हातारा बोलतच होता. शेवटी म्हणाला, "तो सेठ, इको बनानो नी है. बेचनो है. कई दोगा?"

घरमालकांनी पाणी गिळलं. म्हाताऱ्याला मोटर विकत घ्यायचा भाव सांगितला, तो गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी ही बांधून ठेवली असती. भिया, आजवर किती जणांच्या मोटरी मी उगाच बांधल्या असतील?"

त्या दिवसापासून ते माझ्याशी वेगळ्याच आदरानं वागायला लागले. माझ्याबद्दल त्यांचा जो समज होता तो मला त्या दिवशी कळला.

"तुमच्यासारखं व्हायचंय मला," म्हणाले. "तुम्ही ऐकता. समोरचा कितीही बोलो, तुमची मान अशी खाली, एक शब्द नाही मध्ये. आमच्या वहिनीसाहेब नशीबवान, देवासच्या."

मी काही बोललो नाही. आणि मी बोललो नाही म्हणून त्यांचा समज आणखी पक्का झाला. ते मला विचारायचे, गप्प बसताना तुम्ही काय करता, मनात काही म्हणता का, श्वास मोजता का. मी म्हणायचो, सवय आहे. माझ्याजवळ गुरुजवळ बसावं तसे येऊन बसायचे. आईसाहेबसुद्धा मुलाला सांगायच्या, त्या बँकवाल्यांकडून शीक काही.

मी गप्प असायचो कारण मी तिथे नसायचो. माणूस बोलायला लागला की माझं मन आतून दार लावून घ्यायचं. मान तेवढी बाहेर हलत राहायची. माझ्या बायकोला हे ठाऊक होतं. धारला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर धार मला एवढी का आवडली त्याचं कारण हेच.

मुलीलाही मी ऐकणारा वाटलो. दहावीची परीक्षा झाली होती. एका संध्याकाळी मी बँकेतून येत होतो, फोनवर बघत जिना चढत होतो, तर ती मधल्या पायरीवर उभी. "काका, तुमच्याशी..." म्हणाली. मी थांबलो. मान खाली घातली. ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. अडकली, थांबली, पुन्हा निघाली. मी योग्य जागी 'हं' म्हणत होतो. शेवटी तिनं काहीतरी विचारलं आणि मी 'हो' म्हणालो. तिचा चेहरा असा उजळला की मी दचकलोच. "थँक यू काका," म्हणून ती खाली पळाली.

'परत सांग' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं सांगायला तिला किती कष्ट पडले होते ते मी पाहिलं होतं, आणि ते सगळं मी हवेत सोडून दिलंय हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार. मी वर गेलो. ती रोज माझ्याकडे बघायची, जेवणाचा डबा आणून देताना, फाटक उघडताना. आशेनं बघायची. मी हसायचो.

निकाल लागला. चांगले गुण होते. त्या संध्याकाळी घरमालकांनी मला खाली बोलावलं. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर आईसाहेब, वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन उभ्या, आणि घरमालक नव्या शर्टात. ते खुशीत होते. मला पेढा देऊन म्हणाले, "ठरलं भिया. कॉमर्स. इथेच, धारला. सायन्समध्ये तोंडी परीक्षा असतात, उभं राहून बोला, हे सांगा, ते सांगा. नको तिला तो त्रास. मी शाळेत बोलून आलो."

ते हे सगळं तिच्यावरच्या मायेनं म्हणत होते, हे विसरू नये. ती बोलताना त्यांच्याच छातीत काहीतरी अडकायचं.

"आबा," मुलगी म्हणाली.

"हो बेटा, कॉमर्स. तुला तेच..."

आणि ते मध्येच थांबले. हात आपोआप बाजूला गेला. झोपाळ्याजवळचा लोटा रिकामा होता; पेढे खाऊन आम्हीच तो संपवला होता. आतून पाणी आणेपर्यंत वेळ नव्हता. ती बोलायला लागली होती, मान वर केली होती, आणि पहिलं अक्षर अडकलं होतं.

त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. जबड्याचं हाड हलताना दिसत होतं. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येत होते, एक नाही, दहा, आणि ते एकेक परत पाठवत होते.

"तिला म्हणायचंय की," आईसाहेबांनी सुरुवात केली.

घरमालकांनी दुसरा हात वर केला. आईसाहेब थांबल्या. त्या घरात त्यांना असं कोणी थांबवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यांनीही पाहिलं नसावं.

"मला... गणित घ्यायचंय," मुलगी म्हणाली. "देवासला. आत्याकडे राहून."

देवासला घरमालकांची बहीण राहते, ए. बी. रोडच्या बाजूला. ती आणि नवरा दोघंही कारखान्यात जातात. सुट्टीत मुलगी त्यांच्याकडे राहून यायची.

घरमालकांनी कडी आणखी घट्ट धरली. कडीवरची बोटं पांढरी झाली होती.

"आत्याला... वेळच नसतो, मला मदत करायला," ती म्हणाली. "मग माझं मीच बोलते. उशीर लागतो. पण बोलते."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. घरमालक झोपाळ्याच्या कडेला टेकले. हे ऐकण्यासाठी त्यांनी एवढे दिवस पाणी तोंडात धरलं होतं, आणि ऐकायला मिळालं ते हे.

मग त्यांनी विचारलं, "झालं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गप्प बसले.

"मी काकांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगा म्हणून. ते हो... हो म्हणाले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोपी उत्तरं पुष्कळ होती. कामात राहून गेलं, योग्य वेळ बघत होतो. यांतलं कुठलंही चाललं असतं आणि माझी धारमधली इज्जत शाबूत राहिली असती. पण समोर तो माणूस कडी धरून बसला होता.

"मी हो म्हटलं होतं," मी म्हणालो, "पण ऐकलं नव्हतं. ती बोलत होती आणि माझं लक्ष नव्हतं. माझं कधीच नसतं."

घरमालक माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे भिया, एवढे दिवस तुम्ही गप्प बसून..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"झोपा काढत होते," आईसाहेबांनी ते पुरं केलं.

आधी मुलगी हसली. मग वहिनी. मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

दुसऱ्या सकाळी मी खिडकीशी उभा होतो. नर्मदेचा उत्तर तीर झाला, गोत्र झालं. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही. तळहातावरचं पाणी एव्हाना गळून गेलं असेल असं वाटलं, तेव्हा आवाज आला. "आज पोरीला देवासचं 'नाही' म्हणणार नाही." बस एवढंच. शेवेला त्या दिवशी मोकळीक होती.

हा संकल्प त्यांनी तिचा प्रवेश होईपर्यंत रोज सोडला. रोज नवा, त्या दिवसापुरता. एकदाच मोडला, गणिताला आडून 'नाही' म्हटलं: बहिणीला फोन करून हळूच विचारलं, देवासला कॉमर्सची चांगली शाळा कोणती. बहिणीनं ते लगेच भाचीला कळवलं. दुपारी घरमालक हातपाय धुऊन पुन्हा देवघरात. आईसाहेब या वेळी बटणाचं काही बोलल्या नाहीत. त्यांनीच पळी पुढे केली.

निकालानंतरच्या शनिवारी मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की बदली मी मागून घेतली होती. ती पोळ्या लाटत होती.

"माहीत आहे," म्हणाली. "तुमच्याच बँकेतल्या एकीनं सांगितलं होतं. केव्हाचं."

"मग बोलली नाहीस?"

"तुमच्याशी?" एवढं म्हणून तिनं पोळी तव्यावर टाकली. मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. पोळी उतरवून झाल्यावर ती दुसरं काही सांगायला लागली, तिच्या ऑफिसमधलं. मी उभाच राहिलो. सगळं ऐकलं असं म्हणणार नाही. मधलं बरंच ऐकलं.

आता मी देवासला परत आलोय. घरमालक धारलाच आहेत आणि त्यांचं चालू आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाले, शेवेनं हरवलं भिया, पण मी पण सोडत नाही तिला. वहिनींचा चहाही चालू आहे, दोन्ही.

पण लिहायचं आहे ते मुलीला देवासला सोडलं त्या दिवसाचं. तिनं आधीच सांगितलं होतं की आबा, तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की मला काय हवं ते आत्या तुम्हालाच विचारेल. घरमालकांनी ते मानलं. शनिवारी माझी गाडी जायचीच होती. त्यांनी तिची ट्रंक डिकीत ठेवली, दार लावलं, नीट लागलं का ते दोनदा पाहिलं. माझ्या खिडकीशी आले. सांभाळून चालवा, पोहोचल्यावर फोन करा, असलं काही म्हणतील असं वाटलं. त्यांनी फक्त काचेवर हात ठेवला आणि काढला.

त्रिमूर्ती चौराहा मागे पडला, तरी आम्ही दोघंही गप्प होतो. तिच्या शेजारी गप्प बसायची मला लाज वाटत होती आणि काय बोलावं तेही कळत नव्हतं.

"त्या दिवशी जिन्यावर जे सांगितलंस," मी म्हणालो, "ते परत सांगशील?"

"सगळं?"

"सगळं."

तिनं सांगायला सुरुवात केली. घाटाबिल्लोद येईपर्यंत गणिताचंच चाललं होतं. मी रस्त्याकडे बघत होतो आणि ऐकत होतो. त्याला कष्ट पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मन दार लावायला उठायचं, मी त्याला बसवायचो. मग ती आत्याकडच्या खोलीबद्दल बोलली, मग आईबद्दल. मग म्हणाली, "आणि काका, मला आबांची..."

आणि अडकली.

मला तो शब्द माहीत होता. गॅलरीतून सगळं पाहिलेलं होतं मी. भीती. मला आबांची भीती वाटते. शब्द माझ्या जिभेवर तयार होता, आणि तिची मान वर झालेली, ओठ थरथरतायत, समोरून ट्रकची रांग, आणि मी म्हणून टाकलं असतं तर ती 'हो' म्हणाली असती, हेही मला माहीत होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. बेटमा आलं. बेटमा गेलं.

"काळजी वाटते," ती म्हणाली. "ते आता दुकानात पण गप्प बसतात. गिऱ्हाइकं विचारतात, सेठ बीमार है क्या."